निम्मं प्रथिन

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही आणि फोनवरही मी हवापाण्यापलीकडे गेले नाही, त्याबद्दल माफ कर. लिहायला बसायचे आणि वाटायचं, अर्धवट बातमी कळवून तुझी झोप कशाला उडवायची.

धाकट्याचं तुला ठाऊकच आहे. रक्त चढवलं की थोडे दिवस गाल गुलाबी, मग पुन्हा पांढराफटक. डॉक्टरबाईंनी आता नेमकं कारण सांगितलं. आपल्या पेशींत प्रथिनं घडवणारी इवली यंत्रं असतात, रायबोसोम. ती स्वतःही ऐंशीएक प्रथिनं जोडून उभी राहतात. त्यातल्या एकाच्या, आरपीएस-१९च्या, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक त्याच्यात बिघडलेली आहे. ते प्रथिन निम्मंच बनतं आणि लाल पेशी तयार होता होता राहून जातात. उपाय म्हणजे दुसऱ्याची अस्थिमज्जा. थोरलीची जुळली तेव्हा आम्ही हुरळलो, तर बाई म्हणाल्या, थांबा. हाच बिघाड अंगात असूनही काहींचं रक्त ठणठणीत असतं. ती तशी निघाली, तर तिची मज्जा देऊन उपयोग नाही.

मग आम्हा सगळ्यांचंच रक्त तपासायला गेलं. थोरली एरवी फटकळ, पण एकदा भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, “आई, माझ्यातही निघालं तर मी तुला कमी आवडेन का?” मी “नाही” म्हटलं. लगेच म्हटलं की क्षणभर थांबून, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.

काल रिपोर्ट आले. तिचं जनुक स्वच्छ आहे. मी दवाखान्याच्या जिन्यातच बसकण मारली. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरलं. ती मात्र धाकट्याला म्हणाली, “माझंच रक्त घेऊन माझ्याशी भांड, मग बघतेच तुला.” पुढच्या महिन्यात मज्जारोपण करायचं ठरलंय. काल कितीतरी दिवसांनी मी चव घेऊन जेवले.

आता ज्यासाठी लिहितेय ते. बिघाड माझ्याकडून आलाय. माझं रक्त ठीक, म्हणून कुणाला कळलंच नाही. बाईंनी विचारलं, माहेरी कुणाच्या अंगठ्याला एक पेर जास्त आहे का? ह्या बिघाडाची तीही एक खूण असते म्हणे. मला आधी हसूच आलं. पाहुणे आले की बाबा तुला तो तीन पेरांचा अंगठा दाखवायला लावायचे, आणि तूही ऐटीत दाखवायचास. मग हसू विरलं. दादा, तुझ्या लेकीला दिवस गेलेत. तुझ्यात असेलच असं नाही, असलं तरी तिच्यात उतरलं असेलच असंही नाही. पण आधी कळलं तर बाळावर पहिल्यापासून लक्ष ठेवता येईल. आमच्यासारखं चाचपडायला नको. तू तपासणी करून घे. मी येते बरोबर.

तुझीच,
शेंडेफळ

ता. क.: उद्याच बाईंकडे तुझ्यासाठी वेळ मागून ठेवते.