कॅल्शियमची बाटली

सर्जापूर रोड, बेंगळुरू
६ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठीक आहे. फोनवर हे बोलता येत नाही. मी घरूनच काम करते, आणि माहेरचा फोन आला की तो स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी बोलायची इथे पद्धत आहे. प्रेमाचीच आहे, पण माझी पंचाईत होते.

वरच्या मजल्यावर वेदिका राहते. तिचं अंग सतत दुखतं, वरून मात्र काही दिसत नाही. परवा लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्यातच बसून राहिली, तर बायका म्हणाल्या, नटून ऑफिसला जाताना बरं दुखत नाही. सासूबाईही हसल्या. जेवताना म्हणाल्या, असले आजार लग्नाआधी सांगत नाहीत, मग नवऱ्याच्या गळ्यात लोढणं.

आई, मला आशयला सांगून टाकायचं आहे. पाच वर्षांत फिट आलेली नाही, आणि नवरा आहे माझा, तो समजून घेईल. कपड्यांच्या घडीत गोळ्या लपवून मी कंटाळले. तू फक्त हो म्हण.

तुझी,
शाल्मली

नागपूर
१३ जानेवारी

चि. सौ. शाल्मलीस,
अ. उ. आ.

हे वाचून फाडून टाक. आशयला काही सांगायचं नाही. तुझी दोन स्थळं कशी मोडली, विसरलीस का? दोन्हीकडे खरंच सांगितलं होतं. फिट म्हटली की लोक कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावतात आणि मग जन्मभर तेवढंच लक्षात ठेवतात. मलाही लपवाछपवीची हौस नाही गं, पण भीती वाटते.

घडीतल्या गोळ्या आज ना उद्या सापडतील. सोबत माझी कॅल्शियमची जुनी बाटली पाठवते आहे. तिच्यात भर आणि उघड फडताळात ठेव. कॅल्शियम घेणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही.

गोळी एक दिवसही चुकवू नकोस. अचानक बंद झाली तर फिट उसळून येते, हे डॉक्टरांनी बजावलंय.

जिवाला जपून रहा, एवढंच मागणं.

तुझी,
आई

सर्जापूर रोड, बेंगळुरू
२७ फेब्रुवारी

सौ. सुनंदाताई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

सगळं जग फोनवर आलं, माझी पत्राची सवय काही सुटत नाही. इथे सर्व क्षेम.

तुमची लेक गुणी, पण औषधाच्या बाबतीत अगदीच वेंधळी. जेवणानंतर कॅल्शियमची गोळी मीच तिच्या हातावर ठेवते. पंधरा दिवसांपूर्वी चष्मा लावून बाटलीवरची तारीख पाहिली, तर मुदत संपून दोन वर्षं झालेली. सांगितलं असतं तर राहू द्या म्हणाली असती. काटकसर बहुधा तुमच्याकडूनच आलीय. म्हणून गुपचूप जुन्या गोळ्या टाकून दिल्या आणि त्याच बाटलीत ताज्या भरल्या. इथल्या शिवाजीनगरच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून आणल्या, तशाच पांढऱ्या. तिच्या लक्षातही आलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

एका गोष्टीची स्वल्प काळजी वाटते. हल्ली बोलता बोलता ती मध्येच थांबते आणि कुठेतरी बघत राहते. हाक मारली तरी ऐकू येत नाही. दोनदा हातातला कप पडला. काय झालं विचारलं की घाबरल्यासारखी होते आणि काही नाही म्हणते. माहेरची आठवण येत असेल, दुसरं काय?

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मरगळ येणारच. म्हणून सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचा पास काढून दिला. नको नको म्हणत होती, आणि कारण काही सांगेना. शेवटी मी चिडवलं, वरच्या वेदिकासारखी आजाराची सोंगं आमच्याकडे चालायची नाहीत. तेव्हा कुठे इथल्या लोकांसारखं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाली.

उद्यापासून जाईल. पहाटे सहाला तिथे चिटपाखरूही नसतं, त्यामुळे तिला संकोच वाटायला नको. हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत चार दिवस पोहून झालेले असतील.

आपल्या जिव्हाळ्यात उणं पडू देऊ नका.

तुमची,
कल्पना