उलट्या हाताला

८ फेब्रुवारी, रविवार
नवी गाडी दारात येऊन दोन महिने होत आले. अण्णा अजून तिच्यात बसलेले नाहीत. आज परत विचारून पाहिलं, चला, राजवाड्यापर्यंत जाऊन येऊ. म्हणाले, उंच आहे, गुडघा चढत नाही. हाच गुडघा सकाळी देवघरातल्या स्टुलावर चढून बल्ब बदलत होता. सासरे आहेत म्हणून गप्प बसले. माझे वडील असते तर तिथल्या तिथे भांडले असते.

जुनी गाडी भंगारवाल्या कबाड्याच्या क्रेनला लटकून गेली तेव्हा ते ओट्यावर उभे होते. कागदावर सही त्यांनीच केली होती. दर रविवारी संध्याकाळी त्यांची इंदूरबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, सुपर कॉरिडॉरला, चक्कर असायची, आधी सासूबाईंना घेऊन आणि त्या गेल्यावर एकट्याने. ती बंद झाली. आता ओट्यावरची खुर्ची, पेपर, जेवण, पुन्हा खुर्ची. बोलणंही तेवढंच. निखिल त्यांचाच मुलगा, तो म्हणतो, वय झालं, होतं असं. मला नाही पटत. डिसेंबरपर्यंत वय झालं नव्हतं आणि जानेवारीत एकदम झालं?

११ फेब्रुवारी, बुधवार
आज नवल. चहा घेताना अण्णांनी आपण होऊन विचारलं, "किती चालली?"
म्हटलं, हजाराच्या वर गेली.
"मग पहिलं तेल काढून टाका आता."

नंतर पाचेक मिनिटं बोलत होते! नवं इंजिन पहिले काही दिवस आतल्या आत घासतं, त्याचा बारीक चुरा तेलात उतरतो, तो पोटात ठेवून गाडी पळवायची नाही. जुन्या गाडीचं तेल त्यांनी कायम घरीच बदललं. गॅरेजवाल्याला कधी हात लावू दिला नाही.

दुपारी कॉलेजातून सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, अभी कोई जरूरत नी है, पुस्तिकेत लिहिलंय तेव्हा या. घरी करायचंच असेल तर तेल तेच वापरा आणि बिलं सांभाळा, पण करताना काही बिघडलं तर ते वॉरंटीत बसणार नाही. नि.ला सांगितलं तर तो हात जोडून म्हणाला, बाई, नव्या गाडीला पाना लावू नकोस.

दोघांचंही बरोबर असेल. पण अण्णा या गाडीबद्दल पहिल्यांदा बोलले. इंजिनाला गरज असो नसो, मला आहे.

१५ फेब्रुवारी
शिवरात्र. खिचडी करता करता बेत ठरवला. अण्णांना 'तुम्ही करा' म्हटलं तर गुडघा पुढे करतील. त्यापेक्षा मीच करायला बसावं, आणि चुकत चुकत करावं. समोर कोणी चुकीचं काम करत असलं की त्यांना खुर्चीत बसवत नाही. पोळी लाटताना मी पोळपाट कसा धरते यावरसुद्धा त्यांचं मत आहे.

तेल, फिल्टर, तळाच्या बोल्टचा वॉशर, सगळं आणलं. बिलं जपून ठेवली. नि.ची पुढच्या रविवारी पिथमपूरला कंपनीत ड्यूटी आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
काय लिहू.

सकाळी सुरुवात इतकी छान झाली. गाडी थोडी फिरवून तेल कोमट केलं, घराकडे तोंड करून लावली, जुना फ्लेक्स अंथरून खाली सरकले. खुर्ची करकरली. अण्णा आलेच. चाकामागे विटा लावायला लावल्या, तसराळं अजून मागे घे म्हणाले, फ्लेक्सपेक्षा गोणपाट बरं म्हणाले. स्वतः खाली वाकवत नव्हतं, म्हणून बॉनेटला हात टेकून उभे. उंटावरून शेळ्या हाकणं अगदी, पण किती दिवसांनी तो आवाज असा चढलेला ऐकला. मी खाली पडल्या पडल्या हसत होते.

बोल्ट हलेना. पाना डावीकडे ओढत होते. ओरडून विचारलं, "अण्णा, कुठल्या बाजूला?"
"उलट्या हाताला."
मला वाटलं, मी करतेय त्याच्या उलट. बाजू बदलली. घट्टच.
"उलट्या हाताला गं! जोर लाव."
दोन्ही पाय चाकाला टेकवून जोर लावला. आधी कचकन आवाज, मग एकदम सगळं मऊ. बोल्ट नुसताच गोल गोल फिरायला लागला आणि कोमट तेल कोपरावर.

वरून अण्णा म्हणाले, "चूडी मेली."

माझ्या हातात बांगडी नव्हतीच. मनगटाकडे बघत राहिले. मग कळलं, बोल्टचे आटे. इथले लोक त्यांना चूडी म्हणतात. नव्याकोऱ्या गाडीच्या तेलाच्या टाकीचे आटे मी माझ्या हाताने घालवले. सगळं तेल गळून गेलं, थोडं तसराळ्यात, थोडं गल्लीत. समोरच्या काकी दारात येऊन अण्णांना म्हणाल्या, "भिया, कचरा गाडी वाले देख लेंगे तो फोटू खींच के जुर्माना ठोक देंगे." लाकडाचा भुसा टाकून तासभर गल्ली घासली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नि. संध्याकाळी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला सोडून अण्णांना म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?"
अण्णा उठून आत गेले. जेवले नाहीत.

२३ फेब्रुवारी
सकाळी त्यांची पान्यांची पेटी दारात ठेवलेली. कबाड्याला दे म्हणाले. मी उचलून पलंगाखाली ढकलली.

नि.ला स्पष्ट सांगितलं, पाना माझ्या हातात होता, बोलायचं तर मला बोल. तो वरमला. पण वडिलांची माफी मागणं या घराण्यातल्या पुरुषांना शिकवलेलं दिसत नाही. पूर्वज म्हणे होळकरांच्या पागेत होते. घोड्यांशी बरे बोलत असतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार
गाडी तशीच उभी, पोट रिकामं. नि. कंपनीच्या बसने जातो, मी स्कूटरवर. पलासिया चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आज अर्धा तास अडकले.

अण्णांचं बघवत नाही. खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटं हवेत फिरवतात. या बाजूला, मग त्या बाजूला. बोलता बोलता मधेच थांबतात. आज मीठ मागायचं होतं तर आधी मिठाच्या डबीकडे नीट बघून घेतलं आणि मग 'मीठ' म्हणाले. आधी मला कळेना. मग लक्षात आलं. त्यांना वाटतंय, त्यांच्या तोंडून चुकीची बाजू गेली. डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, असं.

मलाही तसंच वाटत होतं, हे इथे लिहून ठेवते. वय झालं, हे नि.चं म्हणणं मनातून मान्य करून टाकलं होतं.

नंतर, जेवताना
नि.ला कुरिअरवाल्याचा फोन. नि. त्याला पत्ता सांगत होता, "बड़ा गणपति से आगे आओ, पहली गली, उल्टे हाथ पे."

घास हातातच राहिला.

उलटा हात म्हणजे डावा! सहा वर्षं इंदूरला राहते, हिंदीत रोज ऐकते, पण अण्णा मराठीत म्हणाले आणि मी माहेरच्या, सांगलीच्या कानांनी ऐकलं. उलट म्हणजे विरुद्ध. मी आधीच बरोबर बाजूला ओढत होते. ते 'हो, डावीकडेच' म्हणत होते आणि मी फिरवलं उजवीकडे.

तशीच उष्ट्या हाताने अण्णांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं.
"म्हणजे मी बरोबर बोललो होतो?"
"अगदी बरोबर, अण्णा."
"पक्का?"
"पक्का."
चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मग म्हणाले, "तर मग तुम्ही लोक उलट्या हाताला काय म्हणता?"
"डावीकडे."
"ते तर मला मालूम आहे," म्हणाले. "पण गाडीखाली कोण असं बोलतं?"
दारात नि. उभा होता. अण्णांचं ताट त्यानेच वाढून आणलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
अण्णांनी सकाळी पलंगाखालून पेटी स्वतः ओढून काढली. कुठे ढकलली होती ते त्यांना माहीतच होतं. म्हणाले, भोक जरा मोठं करून नवी चूडी पाडायची, मोठा बोल्ट बसवायचा, अपन घरीच करू. मी अर्धी रजा टाकली आणि दोघं रिक्षाने सियागंजच्या बाजारात गेलो. डिसेंबरनंतर अण्णा पहिल्यांदाच गल्लीच्या बाहेर पडले.

हार्डवेअरच्या दुकानात अण्णा खिशात चष्मा शोधत होते, म्हणून मीच पुढे होऊन विचारलं, "भैया, आटे पाडने का कुछ मिलेगा?"
दुकानदार म्हणाला, "आटा तो सामने किराने पे मिलेगा, दीदी."
अण्णा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग काउंटरला धरून उभे राहिले. दुकानदाराला सांगायला लागले, बहू है मेरी, सांगली की है, प्रोफेसर है. डोळ्यांतून पाणी. मी पण हसले, पण माझं पाणी निराळं होतं.

चूडी पाडायचा टॅप मिळाला, बोल्ट मिळाला. घरी येताना समोरून आटाही घेतला, संपलाच होता.

१ मार्च, रविवार
आज केलं. परत मीच खाली, अण्णा वर. पण आधी भाषा ठरवली. डावं-उजवं नाही, उलटं-सीधं नाही. पान्याचा दांडा घराच्या बाजूला न्यायचा तर 'देवघराकडे', रस्त्याच्या बाजूला न्यायचा तर 'गल्लीकडे'. अण्णांचीच कल्पना. तीनतीनदा वदवून घेतलं माझ्याकडून.

टॅपला ग्रीस लावायचं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. थोडं गल्लीकडे, जरा मागे देवघराकडे, पुन्हा गल्लीकडे. घाई केली की ओरडायचे. हात भरून आले. मधे एक नवाच आवाज आला, "टॉर्च धरू का?" नि. पोटावर झोपला होता, इस्त्रीच्या शर्टात. टॉर्च नीट धरला होता.

थोडं तेल ओतून आतला चुरा धुऊन काढला. बोल्ट बसला. फिल्टर बदलला. नवं तेल भरलं. इंजिन चालू केलं, तिघंही वाकून बघतोय. थेंब नाही.

मी म्हटलं, झालं.
अण्णा म्हणाले, "झालं कसं? टपकतं का नी ते चालवल्याशिवाय कळत नाही."
आणि माझ्या शेजारचं दार उघडून आत बसले. गुडघ्याचं नाव नाही. सुपर कॉरिडॉरपर्यंत जाऊन आलो. वाटेत चारदा थांबवून मला खाली बघायला लावलं. येताना खिडकी उघडून हात बाहेर ठेवून बसले होते. जुन्या गाडीत बसायचे तसेच.

२ मार्च
रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता. सकाळी पाहिला, कोरडा. अण्णांना आनंदाने सांगितलं. "हं, बरं झालं," म्हणाले आणि पेपर उघडला.

३ मार्च
पुठ्ठा कोरडा. संध्याकाळी म्हटलं, जाऊ या का फिरून? म्हणाले, कशाला उगीच, काम झालं ना आता. आणि परत ती खुर्ची. माझं काय चुकतंय कळत नाही. चला म्हटलं की येत नाहीत. काम असलं तरच निघतात. नुसतं फिरायला नेलेला म्हातारा त्यांना व्हायचं नाही, असं असेल का?

५ मार्च, गुरुवार
सकाळी अण्णा माझ्या आधी उठून गाडीपाशी उभे. हात मागे बांधलेले. गंभीर चेहरा.
"सूनबाई, टपकतंय."
वाकून पाहिलं. पुठ्ठ्यावर टिकलीएवढा डाग. बोट लावलं. नवं तेल मधाच्या रंगाचं असतं, हे पाण्यासारखं. वास घेतला. ओळखीचा. सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या तेलाचा, जे अण्णा फाटकाच्या बिजागरीला घालतात.

बिजागरी तिकडे, गाडी इकडे.

वर पाहिलं. अण्णा आभाळाकडे बघत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणं या घरात मी एकटीच करते असं वाटलं होतं.

म्हटलं, "हो अण्णा, टपकतंय खरं. संध्याकाळी चालवून बघावी लागेल."
"लांबवर न्यावी लागेल," ते म्हणाले. "जवळपास कळणार नी."

नि.ला काही सांगितलेलं नाही. पुठ्ठा तसाच ठेवला आहे. किल्ली अण्णांच्या चष्म्याशेजारी ठेवून कॉलेजला आले. संध्याकाळी ते गाडीच्या उलट्या हाताच्या दाराशी उभे राहतात की सीध्या, स्टिअरिंगच्या, ते बघायचं.