पाचपैकी तीन

वाई,
९ जानेवारी २०२५

प्रिय राजेश्वरी,

पत्राचे मायने तीस वर्षं मुलांना शिकवले आणि आज स्वतः लिहायला बसले तर एकही धड सुचत नाही. तू बरी असशील. लालासाहेबांचा गुडघा कसा आहे? परवापासून इकडं ढग आलेत. तासगावात तसं नसू दे, द्राक्षं उतरायच्या तोंडावर तुम्हाला ते परवडायचं नाही. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दिवसभर काळा चष्मा लावून बसतात, त्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलंय.

तुझ्या नव्या पुस्तकाची चाळीस पानं शनिवारी मिळाली. त्याबद्दलच लिहायचंय, पण जरा दमानं.

माझ्या कादंबरीचं कसं चाललंय असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी 'बरं चाललंय' म्हणाले. खरं सांगते. पुस्तकांच्या त्या ॲपवर अकरा जणांनी अभिप्राय दिलेत, त्यातल्या आठांनी पाचपैकी तीन तारे. फलटणचे कुणी एक गृहस्थ लिहितात, 'ठीक. प्रवासात वाचायला हरकत नाही.' चार वर्षं लिहीत होते गं मी ती.

एक तारा देणाऱ्याशी मनातल्या मनात भांडता तरी येतं. त्याला काही कळत नाही, असं म्हणून झोपता येतं. तीनवाल्याचं काय करायचं? तो जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा 'बरं झालं होतं' म्हणतो आणि चपला घालतो. शाळेत साठ टक्केवाल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी 'समाधानकारक' लिहायची. ती पोरं माझ्याकडे तशी का बघायची, ते आता कळलं.

आणि तुझं पहिलंच पुस्तक. बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांचं. दोनशेच्या वर अभिप्राय, सगळे पाच-पाच तारे. मी रोज सकाळी चहाच्या आधी बघायची. आधी तुझे, मग माझे. तुझा आकडा वाढला की चहा कडू लागायचा. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात सांगलीला तुझा सत्कार झाला. तू माईकवर म्हणालीस, "माझी मैत्रीण विनू समोर बसलीया. तिनं मला लिव्हायला लावलं, न्हाईतर मी कुठली लिव्हतीया!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुझ्याभोवती सह्यांसाठी गर्दी झाली, आणि एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का? ताईंबरोबर फोटो घ्यायचाय."

मी बाजूला झाले. तशीच स्टँडवर गेले, तुला न सांगता. डोकं दुखत होतं असं नंतर फोनवर सांगितलं, ते खोटं.

एस.टी. कराडला पोचायच्या आत मी त्या ॲपवर नवं खातं उघडलं. नाव घातलं बयाबाई. लिहिलं, 'अनुभव चांगला, पण भाषा अशुद्ध. लेखिकेने प्रमाण मराठीचा अभ्यास करावा. एकदा वाचायला ठीक.' आणि तीन तारे दिले. एक देता आला असता. पण तीन कुठं लागतात ते मला माहीत होतं.

राजे, ती बयाबाई मी.

वाटलं होतं, दोनशे जणांत एका बयाबाईकडं कोण लक्ष देतंय? आणि शनिवारी तुझी पानं आली, वर तुझी चिठ्ठी: 'विने, पाच देणारी समदी आपलीच मानसं. त्या बयाबाईनंच नीट वाचलंय. तिचं खरं हाय, म्हणून औंदा समदं शुद्ध लिव्हलंय. वीस तारखेला छापखान्यात द्यायचंय.'

पहिली दहा पानं वाचताना मला बरं वाटलं. लाज वाटत्येय, पण वाटलं. मग ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पहिल्या पुस्तकात तुझी सासू साळूबाई म्हणते, "मरनाला सवड न्हाई आन् मला बसाय जागा न्हाई." इथं तीच साळूबाई म्हणते, "मला क्षणभराचीही उसंत मिळत नाही." पानामागून पान असंच. ह्यांनी मध्येच विचारलं, "तुझी नवी कादंबरी का?"

"का हो, तसं का वाटलं?"

"नाही, बरी आहे," ते म्हणाले.

पुढचं वाचवेना. तुझं पुस्तक माझ्यासारखं झालं होतं, आणि ते मीच केलं होतं.

वीस तारखेला ही पानं देऊ नकोस. साळूबाईला तिचं बोलणं परत दे. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. आधी तेवढं कर.

तो अभिप्राय काढून टाकणार होते. पण गुपचूप काढला असता तर मी सुटले असते. म्हणून आज सकाळी फक्त वरचं नाव बदललं. तारे तीनच ठेवलेत. आता पाच केले तर ती तुझी मनधरणी होईल. ज्यांना वाचायचं ते वाचतील, सांगलीची ती मुलगीसुद्धा.

'तुझी' लिहायला हात धजत नाही. तिथं जे नाव घातलंय, तेच इथं घालते.

विनोदिनी चिंतामण वैशंपायन