करकोचा दिसेपर्यंत

विओलेता,

'प्रिय' लिहिणार नाही. मुलीचे आठवडे कोर्टानंच माझ्यात नि तिच्या बाबांत वाटून दिलेत, त्याला तू काय करणार? पण यंदा एक मार्च तुमच्या आठवड्यात आला, आणि माझ्या रालित्साच्या मनगटावर वसंताचा लाल-पांढरा दोरा तू बांधलास. सात वर्षं तो मी बांधत आले होते.

रविवारी ती घरी आल्यावर मीही दुसऱ्या हातावर एक बांधला. तिनं दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. "आई, तुझा दुकानातला आहे ना? विओलेतानं स्वतः वळलाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी तिला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, बेकरीमागच्या फुललेल्या जर्दाळूपाशी नेलं. मोहोर किंवा पहिला करकोचा दिसला की दोरा काढून फांदीला बांधायचा, हे तुला सांगायला नको.

"काढ दोन्ही," मी म्हटलं.

तिनं माझाच काढला. "हा नाही. हा करकोचा दिसल्यावर. विओलेताचं नि माझं ठरलंय, तो मिळून बघायचा."

काल आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर करकोचा आला. मी पडदा ओढून घेतला, आज तिला मागच्या गल्लीनं शाळेत नेलं. रविवारी तुमच्याकडे येईपर्यंत तिला वर बघू देणार नाही. हे तुझ्यासाठी करत नाहीये.

पुढचा एक मार्च माझ्या आठवड्यात येतो, मी पाहून ठेवलंय. ती अभ्यासाला बसली की मी तुझा दोरा निरखत बसते. पीळ कसा घातलास, ते मेलं अजून उमगत नाही.

रालित्साची आई,
नेवेना