उन्हाळ्याचा आकडा

प्रिय संघप्रिया,

फोन हाताशी असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘काका, जेवलात का’ असं विचारतेस आणि मी सगळं विसरून काय जेवलो तेच सांगत राहतो. मोरा बंदरातल्या लाँचचं इंजिन चालवण्यात जन्म गेला, त्यामुळे अक्षर असंच आहे. लागेल तसं लावून वाच.

तुझी काकी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बाजारात मासे घेऊन बसायचं काही सोडत नाही. काल तिच्या तराजूवरूनच शिवतेजचा विषय निघाला. तुमचं लग्न ठरलं त्या सुमारास तुम्ही दोघं मला तुमचं काम समजावत होता, आठवतं ना? रबाळ्याच्या कारखान्यात जनरेटरची इंजिनं तपासायची, तासाला किती डिझेल पितात ते बघायचं. मीटर लिटर दाखवतो, पण हिशेब किलोत करायचा. मी म्हटलं, हा उगाचचा उद्योग आहे, आम्ही लिटरवरच लाँच चालवली. तर आपल्या या चिरंजीवांनी बाटलीत डिझेल भरलं, बूच लावलं, जिथवर डिझेल होतं तिथं दोरा बांधला, काकीच्या तराजूत वजन केलं आणि बाटली ओट्यावर उन्हात ठेवली. दुपारी डिझेल दोऱ्याच्या वर चढलेलं, वजन मात्र होतं तेवढंच. उन्हानं लिटर फुगतात, किलो फुगत नाहीत. म्हणून रोज नव्यानं घनता मोजायची आणि लिटरला त्या दिवसाच्या आकड्यानं गुणायचं. मला पटलं. काकीला नाही पटलं, कारण तराजूला वास लागला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे गेली. त्यावरून तिनं पोराला कसं झापलं होतं ते आठवून काल ती हसली, आणि हसता हसता आत निघून गेली.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात अभय आला होता. तुला न सांगता आला, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. शिवतेजच्या जागेवर आता तो तुझ्यासोबत काम करतो, एवढीच मला त्याची ओळख. चहा पार गार होऊ दिला. मग म्हणाला, ‘काका, मी तिला लग्नाचं विचारलं. ती हो पण नाय बोलली, नाय पण नाय बोलली. मोऱ्याला काका-काकींना विचारावं लागेल, एवढंच बोलली. म्हणून मीच आलो.’ खोटं कशाला सांगू, मला त्याचा राग आला. पोराच्या जागेवर बसतो म्हणून आला, आणि मुलगा चांगला आहे हे दिसलं तेव्हा आणखी आला.

मग त्यानं हिवाळ्यातल्या त्या चुकीचं सांगितलं. मला तू फक्त म्हणाली होतीस की साहेब ओरडले. तिथं इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून एकानं घनता मोजून काचेपलीकडून बोटांनी आकडा दाखवायचा आणि मीटरपाशी बसलेल्यानं लिटरला त्या आकड्यानं गुणायचं, ही तुमची पद्धत. अभय रोज बोटं दाखवायचा, तू मान डोलवायचीस आणि लिहायचीस आठशे अठरा. हजार लिटरचे आठशे अठरा किलो. थंडी पडली, डिझेल दाट झालं, आकडा वर गेला, तरी तुझं आठशे अठराच. सगळी इंजिनं आहेत त्यापेक्षा कमी पिणारी निघाली आणि शेवटी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. हा आकडा आणलास कुठून, असं अभयनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मला काचेपलीकडे तोच दिसतो. शिवतेजनं तुला शेवटचा दाखवलेला तो आकडा. भर मे महिन्यातला, जासईजवळ त्या ट्रेलरनं त्याला उडवलं त्या दिवसाचा.

पोरी, मी त्या परक्या मुलासमोर रडलो. आवरलंच नाही.

काकी आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, ‘आपन काय तिला बांधून ठेवलीय? खुशाल कर म्हनावं. तिचं वय तरी काय हाय अजून.’ एवढं बोलून तिनं अभयला जेवायला बसवलं. माशाचे काटे त्याला धड काढता येत नाहीत, ते तू शिकव.

तर मोऱ्याचं उत्तर हो आहे. पण तेवढंच असतं तर फोनवर सांगून टाकलं असतं. पुढचं तोंडानं बोलवत नाही, म्हणून लिहितोय. दर रविवारी मी स्कूटर घेऊन उरण स्टेशनवर तुला घ्यायला येतो. तू गाडीतून उतरतेस, हात करतेस, आणि मी आधी तुझ्या मागे बघतो. दर वेळी. वाटतं, तोही उतरेल. तुझ्या ते लक्षात आलंय, मला ठाऊक आहे, कारण हल्ली तू उतरलीस की जराशी बाजूला सरकून उभी राहतेस. मला बघू देतेस. हे मी तुझ्याकडून आता करून घेणार नाही. या रविवारपासून येऊ नकोस. काकी तुझ्या वाटणीचं कालवण करेल आणि वाट बघेल, तिचं मी बघून घेईन. पुढे कधी तुम्हा दोघांना यावंसं वाटलं, तर आधी कळव. म्हणजे तुझ्या मागून कोण उतरणार आहे, ते मला आधीच माहीत असेल.

तुझाच,
गंगाराम काका