लाल पेनाने लिहिलेलं ‘अपूर्ण’

६ जुलै, रविवार
आज उपासनेनंतर मंडळीची सभा. ठराव एकमताने मंजूर: आमची साताऱ्याची बाप्तिस्त मंडळी शांतीसाठी झटणार, दार सगळ्यांना उघडं ठेवणार आणि निर्वासितांना आसरा देणार. त्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष मी. हजर अकरा, त्यातले दोन झोपलेले, पण झोपेतही विरोध नव्हता.

निवड योग्यच झाली. माझा स्वभाव मुळात शांत. राजस आणि सिद्धू ही दोन पोरं एका खोलीत संसार करतात, त्यांना मंडळीत घ्यायचं ठरलं तेव्हा बाजूने वीस मिनिटं मीच बोललो होतो. सगळ्यांनी घाईघाईने हात वर केले. चहा गार होत होता असं प्रमोदिनी म्हणते. बायकोला माझं वक्तृत्व कधी कळलंच नाही.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. आमच्याकडे त्याआधी उठून, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या हातात हात द्यायचा असतो. मी राजसला दिला. तो म्हणाला, काका, आपलं कधी बिनसलंच नाही, तरी दर महिन्याला माझाच हात का? म्हटलं, सराव.

घरी येताना प्रमोदिनीने विचारलं, सांगलीला फोन कधी करणार. सांगलीकर म्हणजे माझा थोरला भाऊ जोतीराम. रोजनिशीत त्याचं नाव लिहायचं नाही असं ठरवलंय, हे शेवटचं. आईच्या अंत्यविधीनंतर त्याने बाबांची वाजवायची पेटी परस्पर सांगलीला नेली, त्याला नऊ वर्षं झाली. माझ्या मनात काही नाही. त्याने फोन केला तर मी उचलीन.

९ जुलै
मागची खोली निर्वासितांसाठी रिकामी करायला घेतली. व्यायामाची सायकल हलेना. तिच्यावर टॉवेल वाळत घालता येतील. नवी गादी, दोन उशा, दारावर ‘सुस्वागतम्’.

परदेशी माणसं येणार म्हणून ‘घाबरू नका’ हे वाक्य मोबाईलवरून तीन भाषांत पाठ केलं.

१४ जुलै
अर्जाचा नमुना तयार. प्रश्न चौदा. दोन फोटो, पाळकाची शिफारस, यजमानाशी नाते, परत जाण्याची तारीख. आमच्या पाळक उत्कर्षाताई हळूच म्हणाल्या, सगळं सोडून आलेल्या माणसाकडे फोटो असतील का? म्हटलं, ताई, करुणेलाही शिस्त लागते. त्या खिडकी लावायला उठल्या. पटलं असावं.

पन्नास प्रती काढल्या.

२० जुलै, रविवार
एकही निर्वासित नाही. दिल्लीच्या निर्वासित कार्यालयाला दोन ईमेल पाठवले, उत्तर नाही. साताऱ्याला यायला लोक तयार नसतील तर जगात शांतता कशी नांदायची?

गादीवर दुपारी मीच झोपतो. गादी चांगली आहे.

२३ जुलै
पाऊस थांबत नाही. कोयनेचे दरवाजे उघडले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी अडतीस फूट.

दिवसभर टीव्ही. अभ्यास म्हणून. प्रमोदिनी म्हणाली, भावोजींचं घर नदीकडच्या गल्लीत, वहिनी गेल्यापासून एकटे, फोन करा. म्हटलं, ज्याच्या दारात पाणी त्याने आधी फोन करायचा असतो. असा काही नियम नाही, हे मलाही ठाऊक आहे.

२५ जुलै
सेहेचाळीस फूट. सकाळी नंबर लावला, रिंग जायच्या आत बंद केला. नेटवर्क खराब असणारच. दुपारी पुन्हा तसंच. रात्री जेवलो नाही. वडे खाल्ले होते.

२६ जुलै
सांगलीतल्या मंडळीच्या हॉलमध्ये पाणी शिरलं. तिथले एकोणीस जण ट्रकमधून आमच्या हॉलवर आले. हॉलची चावी बयाबाईंकडे असते. मूळच्या माणदेशच्या, मेंढरामागं जन्म गेला, आमच्या मंडळीच्या नाहीत, पण हॉल त्यांचाच असल्यासारखं वागतात. मी पोचेपर्यंत त्यांनी दार उघडून पिठलं-भाकरीही केली होती. समितीला विचारलं नाही.

मी टेबल मांडलं आणि अर्ज वाटले. बयाबाई म्हणाल्या, आवं, मानसं गळ्याएवढ्या पान्यातनं आल्यात आन तुमी फोटू मागताय व्हय? त्यांना कार्यपद्धती समजावली. त्या भाकरी थापायला निघून गेल्या.

चार्जिंगच्या प्लगवरून दोघांची जुंपली. शांतीकार्याची पहिलीच संधी. मी मध्ये पडून पंधरा मिनिटं बोललो. शेवटी दोघं एक होऊन माझ्यावर ओरडले आणि मग एकत्र चहा प्यायले. समेट झाला. अहवालात लिहायचं.

एकोणिसात तो आहे. कोपऱ्यात बसला होता, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी कवटाळून. केस सगळे पांढरे झालेत.

सांगलीकर रांगेत उभा राहिला. तेराव्या नंबरला टेबलापाशी आला. अर्ज पुढे सरकवला. फोटो नाहीत. ‘यजमानाशी नाते’ ही जागा कोरी. माझ्या तोंडात तिन्ही भाषांतलं ‘घाबरू नका’ आलं, मराठीतलं आलं नाही.

मी लाल पेनाने ‘अपूर्ण’ लिहून अर्ज परत दिला. सगळ्यांना एकच नियम. त्याने मान हलवली, घडी घालून खिशात ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मी लगेच उठलो होतो. पण चौदावा माणूस समोर आला.

२७ जुलै, रविवार
ठरवलं: आज त्याला घरी आणायचं. फोटो माझ्याच मोबाईलवर काढू, म्हणजे नियमही राहील.

हॉलवर तो नव्हता. बयाबाईंनी भांडी घासता घासता सांगितलं, राजस आन सिद्धूनं न्हेलं की कालच. त्यास्नी फोटू लागत न्हाई.

त्यांच्या जिन्याखाली गेलो. वरून पेटीचा आवाज. चादरीत तीच होती तर. एवढ्या पुरातून माणसाने कागदपत्रं आणावीत, सोनंनाणं आणावं. हा पेटी घेऊन आला. दोन-तीन सूर उमटत नव्हते, तिथे तो तोंडाने गात होता. बाबाही तसंच करायचे.

बराच वेळ उभा राहिलो. अठरा पायऱ्या आहेत. गुडघा दुखत होता.

प्रमोदिनीला सांगितलं, राजसकडे कुणी नव्हतं. तिने मागच्या खोलीतल्या दोन्ही उशा उचलून कपाटात ठेवल्या.

३१ जुलै
रोज जिन्यापर्यंत जातो. काल दोन पायऱ्या चढलो. प्रगती आहे.

निश्चय: येत्या रविवारी प्रभुभोजनाआधी, सगळ्यांसमोर, हातात हात. भाषण अजिबात नाही. दोनच वाक्यं. फार तर चार.

३ ऑगस्ट, रविवार
पांढरा शर्ट. चार वाक्यं खिशात. वेळ झाल्यावर उठलो, सगळीकडे पाहिलं. तो नव्हता. पाणी उतरलं म्हणून शुक्रवारीच सांगलीला परत गेला. मला कुणी कळवलं नाही. मी अध्यक्ष आहे.

उभाच होतो म्हणून राजसकडे हात केला. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, काका, या महिन्यात नाही. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी मागच्या खोलीत बसून रडलो. इथे दुसरं कारण लिहिणार होतो, सुचत नाही.

५ ऑगस्ट, सांगली
सकाळच्या एसटीने आलो. प्रमोदिनीने न विचारता पिशवी भरून दिली. योजना: गाळ काढायला मदत करायची, चार वाक्यं बोलायची, मुक्काम करायचा.

गल्लीभर गाळ आणि त्याचा वास. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. पेटी गच्चीत उन्हाला ठेवलेली. तो दारात फावडं घेऊन उभा होता. खिशात हात घातला तर चार वाक्यं नव्हती, पांढऱ्या शर्टात राहिली. म्हटलं, मी राहायला आलोय.

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या स्वच्छ चपलांकडे पाहिलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्याच्यावरचं आपलं नाव, उत्तरं सगळं खोडलं आणि म्हणाला, आदी अर्ज भर.

मी हसलो. तो हसला नाही.

पायरीवर बसून चौदाही प्रश्न भरले. किती कंटाळवाणा अर्ज आहे. कुणी केला असेल असं एकदा मनात येऊन गेलं. यजमानाशी नाते: धाकटा भाऊ. परत जाण्याची तारीख: सांगता येत नाही. फोटो नाहीत.

दादाने अर्ज दोनदा वाचला. माझंच लाल पेन मागून घेतलं. जुन्या ‘अपूर्ण’खाली आणखी एकदा ‘अपूर्ण’ लिहिलं. मग खराटा हातात दिला आणि म्हणाला, इचार करून सांगतो, तवर जिना धू.

सहा पायऱ्या झाल्या. अकरा राहिल्यात. तो वरून पाणी ओततोय.