थोपटत म्हटलेला धडा

ऐक ना,

गाडी खालीच आहे, बघून दचकू नकोस. किल्ली फ्रिजवर ठेवलीय. मी पहिल्या बसने कॉलेजला निघालेय. तू गाढ झोपला होतास, उठवावंसं वाटलं नाही.

काल बोलले नाही, कारण तुझी लाडकी लेक ढमी मांडीवरून उतरतच नव्हती. गाडी चालवताना ऐकायला मी हाडांचा धडा माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलाय ना, तो येताना लावला होता. पण तो म्हटला होता ढमीला थोपटत. त्याच सुरात काल मलाही डुलकी लागली. चाकं कडेच्या खडीवर गेली तेव्हा डोळे उघडले. मला काही झालं नाही, गाडीलाही नाही. नंतर धडा बंद केला आणि काचा खाली करून घरी आले.

पेट्रोल आणि खोलीचं भाडं मांडून आपण ठरवलं होतं, रोजची ये-जाच परवडते. त्यात माझी झोप धरायची राहूनच गेली. म्हणून परीक्षा होईपर्यंत आठवड्यातून दोन दिवस मैत्रिणीच्या खोलीवर राहते. आजपासूनच. तू हेच सुचवलंस तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते, ते आता काढू नकोस. उद्या संध्याकाळी येते.

ढमीचं दूध फ्रिजच्या दारात आहे. रात्री ती मला शोधेल. तेव्हा तिला थोपट आणि तोच धडा लाव, तुझ्या फोनवर पाठवलाय. मांडीच्या हाडापर्यंत पोचायच्या आत झोपते ती.

तुलाही डुलकी लागली तर लागू दे. तू गादीवर असशील.